फोर्सकोलिन : यमनमधील एक थडगे, मुलुंडची प्रयोगशाळा आणि पेशीचा नगारखाना

१/२६
११ जुलै १७६३. यमनमधील यारीम या डोंगराळ गावात एकतीस वर्षांचा एक तरुण निसर्गशास्त्रज्ञ मलेरियाने मरण पावला. त्याचे नाव पेर फोर्सकोल. जन्म हेलसिंकीचा, गुरू थोर वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियस. डेन्मार्कच्या राजाने अरबस्तानच्या अभ्यासासाठी पाठविलेल्या मोहिमेचा तो सदस्य होता. सुमारे दोन शतकांनंतर त्याचे नाव एका रेणूला मिळाले. जिवंत पेशी बाहेरचा संदेश कसा ऐकते आणि कसा पाळते, हे समजून घेण्यासाठी तो रेणू जगभरच्या प्रयोगशाळांत वापरला जातो. त्याचा शोध लागला तो मुंबईच्या मुलुंड उपनगरात. त्या प्रवासाची ही कथा.

२/२६
त्या मोहिमेतील सहांपैकी एकच जण जिवंत परतला : गणितज्ञ व नकाशाकार कार्स्टन नीबुर. फोर्सकोलच्या मृत्यूनंतर उरलेली मंडळी मोखा बंदरातून मुंबईकडे निघाली. चित्रकार आणि सेवक समुद्रातच वारले. वैद्य क्रेमर याने १७६४ च्या फेब्रुवारीत मुंबईत प्राण सोडला. नीबुर सप्टेंबर १७६३ ते डिसेंबर १७६४ या काळात मुंबईत राहिला आणि घारापुरीच्या लेण्यांची त्याने मोजमापासह रेखाटने केली. तेव्हा मुंबई इंग्रजांची होती. पण शेजारचे साष्टी बेट १७३९ पासून मराठ्यांकडे होते. मुलुंड याच साष्टीतले. फोर्सकोलची हस्तलिखिते नीबुरने पुढे, १७७५ मध्ये, प्रसिद्ध केली.

३/२६
पुढच्या पिढ्यांतील वनस्पतिशास्त्रज्ञांनी तुळशीच्या कुळातील एका सुगंधी झुडपाला फोर्सकोलचे नाव दिले : कोलियस फोर्सकोली. मराठीत ते माईनमूळ, गुजरातीत गरमर. भारताच्या कोरड्या डोंगरउतारांवर ते उगवते. जाडसर मुळांचे लोणचे घालण्याची पद्धत गुजरातेत आजही आहे. आधुनिक वर्गीकरणात या वनस्पतीचे नाव कोलियस बार्बाटस असे झाले. म्हणजे झाडावरून फोर्सकोलचे नाव पुसले गेले. परंतु झाडाच्या मुळातून निघालेल्या रेणूवर ते कायम राहिले. त्या रेणूचे नाव फोर्सकोलिन.

४/२६
या रेणूचे महत्त्व कळण्यासाठी आधी एक जुना प्रश्न पाहावा लागतो. माणूस घाबरला की अधिवृक्क ग्रंथी रक्तात ॲड्रेनलिन सोडते. काही क्षणांत हृदय जोरात धडधडते आणि यकृत साठवलेली साखर रक्तात सोडू लागते. परंतु ॲड्रेनलिन पेशीच्या आत शिरत नाही. मग आतल्या यंत्रणेला हुकूम पोहोचतो कसा? विसाव्या शतकातील जीवरसायनशास्त्राचा मोठा भाग या एका प्रश्नाभोवती फिरला आहे.

५/२६
पहिला धागा केंब्रिजमध्ये सापडला. १९०५ मध्ये जॉन लँगली यांनी कोंबडीच्या स्नायूंवर निकोटीन आणि क्युरारे ही दोन द्रव्ये वापरून पाहिली. एक स्नायू आकुंचित करी, दुसरे त्याला अडवी. यावरून त्यांनी अनुमान काढले की पेशीवर एखादा ‘ग्रहण करणारा पदार्थ’ असला पाहिजे. जर्मनीत पॉल एर्लिक यांनी, विषे आणि प्रतिविषांचा विचार करताना, अशाच कल्पनेसाठी ‘रिसेप्टर’ हा शब्द आधीच वापरला होता. मराठीत त्याला ग्राही म्हणतात. पुढची कित्येक दशके हा ग्राही कोणीही पाहिला नव्हता. तो केवळ तर्काने मानलेला होता.

६/२६
दुसरा धागा अमेरिकेत. क्लीव्हलंड येथे अर्ल सदरलँड यकृतावर प्रयोग करीत होते. पेशी फोडून त्यांनी तिचे दोन भाग केले : पटलांचा गाळ आणि वरचे द्रव. हार्मोन पटलांना दिले की तेथे एक उष्णतेने न बिघडणारा छोटा पदार्थ तयार होई. तो पदार्थ द्रवात टाकला की, हार्मोन नसतानाही, साखर मोकळी करणारे विकर कामाला लागे. १९५०च्या दशकाच्या उत्तरार्धात या पदार्थाची ओळख पटली : सायक्लिक एएमपी. हार्मोन हा पहिला निरोप, तर सायक्लिक एएमपी हा पेशीच्या आतला दुसरा निरोप. सदरलँड यांना १९७१ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

७/२६
तिसरा धागा सिएटलचा. एडमंड फिशर आणि एडविन क्रेब्स स्नायूतील त्याच विकराचा अभ्यास करीत होते. आधीच्या संशोधकांच्या पद्धतीत स्नायूंचा अर्क गाळणकागदातून गाळला जाई. या दोघांनी कागदाऐवजी यंत्राने अर्क वेगळा केला, तर हाती विकराचे निष्क्रिय रूप आले. गाळणकागदातील कॅल्शियममुळे विकर जागे होत होते! त्या सुताचा माग काढत त्यांनी १९५५ च्या सुमारास दाखविले की विकराला फॉस्फेटचा एक गट चिकटला की ते सक्रिय होते आणि तो निघाला की शांत होते. फॉस्फेट चिकटविणाऱ्या विकराचे नाव कायनेज. या कामाला नोबेल मिळाले, पण तब्बल १९९२ साली.

८/२६
फॉस्फेटचा गट म्हणजे जणू कागदावरचा शिक्का. पत्र लिहून तयार असते. परंतु मोर्तब होईपर्यंत त्याला अंमल नसतो. कायनेज शिक्का उमटविते, फॉस्फेटेज नावाची विकरे तो पुसतात. शिक्का पुसता येतो, ही यातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट. हुकूम कायमचा राहिला तर पेशी कोलमडेल. मानवी जनुकसंचात अशी पाचशेहून अधिक कायनेजे आहेत. पेशीने वाढावे की थांबावे, विभागावे की मरावे, असे बहुतेक निर्णय या शिक्क्यांनी होतात.

९/२६
१९६८ मध्ये वॉल्श, पर्किन्स आणि क्रेब्स यांनी दोन धागे जोडले. सायक्लिक एएमपी मिळाल्यावरच जागे होणारे एक प्रथिन-कायनेज त्यांना स्नायूत सापडले. त्यानंतर मार्टिन रॉडबेल आणि आल्फ्रेड गिलमन यांनी मधला दुवा शोधला : ग्राही आणि सायक्लिक एएमपी बनविणारे विकर यांच्यामध्ये निरोप नेणारे जी-प्रथिन. त्यासाठी १९९४ चे नोबेल. सायक्लिक एएमपी बनविणाऱ्या विकराचे नाव ॲडिनिलेट सायक्लेज.

१०/२६
संपूर्ण साखळी एखाद्या गडासारखी डोळ्यांसमोर आणता येते. देवडीवरचा पहारेकरी म्हणजे ग्राही. त्याला बाहेरून निरोप मिळतो, पण बाहेरचा माणूस आत येत नाही. आतल्या बाजूने धावणारा जासूद म्हणजे जी-प्रथिन. जासूद नगारखान्यात पोहोचतो. नगारखाना म्हणजे ॲडिनिलेट सायक्लेज. नगाऱ्याचा नाद म्हणजे सायक्लिक एएमपी : एका निरोपाचा आवाज गडभर. तो ऐकून कारभारी, म्हणजे कायनेज, हुकुमांवर शिक्के मारू लागतो. देवडीवर एक माणूस आला आणि गडावरची शंभर कामे सुरू झाली, ते असे.

११/२६
या साखळीशी भारताचे नाते एका भयंकर रोगाने आधीच जोडले होते. १९५९ मध्ये कोलकात्यात शंभुनाथ डे यांनी सिद्ध केले की पटकीचा जंतू एक विष सोडतो आणि जंतू गाळून काढला तरी ते विष आतड्यावर परिणाम करते. पुढे उलगडले की हे विष आतड्याच्या पेशीतील जी-प्रथिनाला चालू स्थितीतच अडकवून ठेवते. जासूद थांबत नाही, नगारा थांबत नाही आणि पेशी क्षार व पाणी बाहेर फेकत राहते. महाराष्ट्रातील गावेच्या गावे ओस पाडणाऱ्या पटकीच्या साथींमागे हीच साखळी होती. डे यांना हयातीत त्या मोलाचा सन्मान मिळाला नाही.

१२/२६
आता भारतातील प्रयोगशाळांकडे. लखनौला १९५१ मध्ये केंद्रीय औषध संशोधन संस्था सुरू झाली. नवाबांच्या छत्तर मंझिल या राजवाड्यात तिचे काम चाले. १९६०च्या दशकापासून या संस्थेने शेकडो भारतीय वनस्पतींचे अर्क क्रमाने तपासण्याचा प्रकल्प हाती घेतला. दुसरीकडे मुंबईत परदेशी कंपन्यांनी संशोधन केंद्रे उघडली : गोरेगावला स्विस सीबा कंपनीचे, मुलुंडला जर्मन होक्स्ट कंपनीचे. याच काळात १९७० च्या पेटंट कायद्याने औषधांवरील वस्तू-पेटंट रद्द केले. तो कायदा २० एप्रिल १९७२ पासून लागू झाला.

१३/२६
लखनौ आणि मुलुंड, दोन्ही ठिकाणच्या चाळणीत एकच झुडूप अडकले. माईनमुळाच्या मुळांचा अर्क जनावरांना दिला की रक्तदाब उतरे. दोन्ही गटांनी त्यातून कार्यकारी द्रव्य वेगळे केले. १९७७ साली लखनौच्या टंडन आणि सहकाऱ्यांनी आपल्या द्रव्याची रचना ‘कोलिओनॉल’ या नावाने मांडली. त्याच वर्षी मुलुंडच्या सुजाता भट, बी. एस. बजवा, नोएल डिसूझा आणि त्यांच्या जर्मन सहकाऱ्यांनी याच मुळांतील नव्या द्रव्यांची रचना प्रसिद्ध केली. त्यातील प्रमुख द्रव्य फोर्सकोलिन या नावाने ओळखले गेले. सुजाता भट पुढे आयआयटी मुंबईत प्राध्यापक झाल्या.

१४/२६
१९७८ च्या शोधनिबंधात लिंडनर, दोहादवाला आणि भट्टाचार्य यांनी फोर्सकोलिनचे दोन गुण नोंदविले. एक, हृदयाचे आकुंचन जोमदार होते. दोन, रक्तदाब उतरतो. वरवर पाहता हे परस्परविरोधी वाटते. हृदय जोराने रक्त ढकलू लागले तर दाब वाढायला हवा. शिवाय ॲड्रेनलिनचे ग्राही औषधाने बंद केले तरीही हा परिणाम टिकून राही. पहारेकऱ्याचे तोंड बांधले तरी नगारा वाजतच होता. मग तो वाजवीत होते कोण?

१५/२६
उत्तर १९८१ साली मिळाले. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत केनेथ सीमन, विल्यम पॅजेट आणि जॉन डेली यांनी फोर्सकोलिन तपासले. हे डेली म्हणजे विषारी बेडकांच्या द्रव्यांचे प्रसिद्ध अभ्यासक. त्यांना दिसले की फोर्सकोलिनला ग्राही लागतच नाही. ते थेट ॲडिनिलेट सायक्लेजला चेतविते. होक्स्टच्या संशोधकांनीही त्याच वर्षी हाच निष्कर्ष मांडला. आवश्यक जी-प्रथिन नसलेल्या एका उत्परिवर्तित पेशीवंशातसुद्धा फोर्सकोलिन काम करते, हेही दाखविले गेले. पहारेकरी नको, जासूद नको. हा रेणू सरळ नगारखान्यात शिरून टिपरी हातात घेतो.

१६/२६
हृदयाचे कोडेही त्यामुळे सुटले. हृदयाच्या पेशीत कायनेजचा शिक्का कॅल्शियमच्या वाटांवर बसतो. कॅल्शियम अधिक आत येते आणि आकुंचन जोर धरते. रक्तवाहिनीच्या भित्तीतील स्नायूत तेच कायनेज वेगळ्या प्रथिनांवर शिक्का मारते आणि स्नायू सैल पडतो. वाहिन्या रुंदावतात, दाब उतरतो. नगारा एकच, परंतु प्रत्येक गडावर त्याचा अर्थ वेगळा लावला जातो. संदेशाचा अर्थ संदेशात नसून तो ऐकणाऱ्या पेशीत असतो, हे सूत्र या उदाहरणाने फार स्वच्छ दिसते.

१७/२६
मग कोलिओनॉलचे काय झाले? लखनौने मांडलेली रचना फोर्सकोलिनहून एका कार्बनपाशी वेगळी होती. त्यामुळे काही वर्षे दोन्ही भिन्न द्रव्ये मानली गेली. १९८५ साली प्रसिद्ध झालेल्या एका शोधनिबंधाने दोन्ही एकच असल्याचे दाखविले. तोवर १९८१ च्या निबंधांमुळे फोर्सकोलिन हे नाव जगभर रुळले होते. सरकारी प्रयोगशाळेने दिलेले नाव आता ग्रंथांच्या तळटिपांत उरले आहे. द्रव्य कोणी प्रथम हाती धरले, यापेक्षा ते काय करते हे कोणी दाखविले आणि ते जगापर्यंत कोणी पोहोचविले, यावर विज्ञानातील नावे ठरतात, याचा हा नमुना.

१८/२६
येथे एका लोकप्रिय समजाचीही तपासणी व्हायला हवी. आहारपूरकांच्या जाहिरातींत सांगितले जाते की आयुर्वेदात हजारो वर्षे फोर्सकोलिन वापरात होते. जुन्या ग्रंथांत वनस्पतींची नावे आहेत. पण त्यातले कोणते नाव याच झुडपाचे, हे ठामपणे जुळविणे अवघड आहे. ‘पाषाणभेद’ हे एक नाव तर निरनिराळ्या प्रांतांत निरनिराळ्या वनस्पतींना लावले जाते. उपलब्ध नोंदी सांगतात ते इतकेच : हे द्रव्य विसाव्या शतकात, अर्कांच्या पद्धतशीर चाळणीतून, मुलुंड आणि लखनौ येथे हाती आले. परंपरेचा मान राखण्यासाठी तिच्या नावे खोटा दाखला जोडण्याची गरज नसते.

१९/२६
औषध म्हणून मात्र फोर्सकोलिनने मोठी मजल मारली नाही. ते पाण्यात नीट विरघळत नाही. आणि ज्याला कोणत्याही गडाचा नगारा वाजवता येतो, तो नेमका एकच गड निवडू शकत नाही. सगळ्या ऊतींवर एकदम परिणाम होणे हा औषधात दोष ठरतो. जपानमध्ये त्याचे पाण्यात विरघळणारे रूप हृदयाच्या तीव्र अपयशासाठी १९९९ मध्ये मंजूर झाले. वजन घटविण्याच्या गोळ्या म्हणून जो बाजार फुगला, त्यामागे काही छोट्या अभ्यासांपलीकडे भक्कम पुरावा नाही.

२०/२६
साधन म्हणून मात्र त्याला तोड नाही. एखाद्या परिणामामागे सायक्लिक एएमपी आहे का, हे पाहायचे तर पेशीत फोर्सकोलिन टाकून बघणे ही पहिली पायरी झाली. १९९७ साली ॲडिनिलेट सायक्लेजच्या कार्यकारी भागाची त्रिमितीय रचना प्रथमच उलगडली, तेव्हा स्फटिकात फोर्सकोलिन त्याच्या खाचेत बसलेले दिसले. २०१३ पासून नेदरलँड्समध्ये सिस्टिक फायब्रोसिसच्या रुग्णांच्या आतड्यातील पेशींचे सूक्ष्म गोळे वाढवून त्यांना फोर्सकोलिन देण्याची पद्धत विकसित झाली. गोळा फुगला तर औषध त्या रुग्णाला लागू पडण्याची आशा. न फुगल्यास दुसरा मार्ग.

२१/२६
मुलुंडच्या प्रयोगशाळेने आणखी एक धागा दिला, आणि तो थेट कायनेजचा होता. कडुनिंबाच्या कुळातील डिसॉक्सिलम बायनेक्टॅरिफेरम या वृक्षातून रोहितुकीन हे द्रव्य मिळाले. हेतू होता सूज कमी करणारे औषध शोधण्याचा. १९८८ मध्ये ते काम प्रसिद्ध झाले. त्या द्रव्याच्या रचनेवरून बेतलेल्या नव्या रेणूंपैकी एक कर्करोगाच्या पेशींची वाढ रोखताना आढळला. त्याचे नाव फ्लॅवोपिरिडॉल. पेशीविभाजनाच्या प्रत्येक टप्प्याला मंजुरीचा शिक्का देणारी जी कायनेजे असतात, त्यांच्या शिक्क्याची जागाच हा रेणू अडवितो.

२२/२६
या वर्गातील कायनेज रोखणारे, माणसांवरील चाचण्यांत उतरलेले फ्लॅवोपिरिडॉल हे पहिले द्रव्य. ही कायनेजे आणि त्यांचे नियंत्रक शोधणाऱ्या हार्टवेल, हंट आणि नर्स यांना २००१ चे नोबेल मिळाले. फ्लॅवोपिरिडॉलची वाट मात्र खडतर निघाली. आशा आणि निराशा यांच्या फेऱ्यांत ते औषध म्हणून मंजुरीपर्यंत पोहोचले नाही. या वर्गातील पहिले मंजूर औषध, पाल्बोसिक्लिब, २०१५ मध्ये दुसरीकडून आले. मुलुंडचे केंद्र १९९८ मध्ये निकोलस पिरामल कंपनीने घेतले आणि तेथे या कुळातील आणखी एक रेणू चाचण्यांपर्यंत नेण्यात आला. पहिली वाट पाडणाऱ्याच्या नावावर मुक्काम लागतोच असे नाही.

२३/२६
आता झाडाकडे परत. वाळलेल्या मुळाच्या वजनात फोर्सकोलिनचे प्रमाण शेकडा एकालाही पोहोचत नाही. आणि ते मुळात असते; म्हणजे काढायचे तर झुडूप उपटावे लागते. १९८० मध्ये मुलुंडच्या गटाने या कुळातील इतर अनेक वनस्पती तपासल्या, पण त्यांत फोर्सकोलिन आढळले नाही. मागणी वाढली तशी रानातील माईनमुळाची बेसुमार खोदाई झाली. पुढे तमिळनाडूतील सेलमच्या परिसरात त्याची कराराने शेती सुरू झाली. डोंगरउतारावर राहून ते झुडूप ओळखणाऱ्यांना, जपणाऱ्यांना या व्यवहारात काय मिळाले? त्या काळच्या कायद्यात हा प्रश्नच नव्हता.

२४/२६
तो प्रश्न कायद्यात यायला १९९२ ची रिओ परिषद व्हावी लागली. तेथील जैवविविधता कराराने मान्य केले की वनस्पती ही सर्वांनी फुकट घ्यायची वस्तू नव्हे. लाभाचा वाटा द्यावा लागेल. भारताचा जैविक विविधता कायदा २००२ चा. त्यानुसार परदेशी संस्थेला भारतीय जैवसंपत्ती संशोधनासाठी हवी असेल तर राष्ट्रीय प्राधिकरणाची संमती लागते, आणि गावागावांत जैवविविधता नोंदवही ठेवायची असते. २००६ च्या वनहक्क कायद्याने आणखी पुढे जाऊन जैवविविधतेशी निगडित पारंपरिक ज्ञान आणि बौद्धिक संपदेवर गावसमाजाचा सामूहिक हक्क मान्य केला.

२५/२६
या कायद्याचा देशातील पहिला मोठा वापर झाला तो गडचिरोली जिल्ह्यात. धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गोंड गावाला २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. सर्वसहमतीने निर्णय आणि त्यासाठी अभ्यासगट, ही या गावाची रीत. मुलुंडची कथा चंद्रपूर–गडचिरोलीच्या जंगलात घडलेली नाही. परंतु पुढचे माईनमूळ अशाच एखाद्या जंगलातून निघाले, तर त्या वेळी संमती विचारण्यासाठी एक ग्रामसभा समोर असेल. १९७७ मध्ये असे दार कोठेच नव्हते, आज आहे. ते किती भक्कम राहील, हे ग्रामसभांच्या जागरूकतेवर आणि शासनाच्या नियतीवर अवलंबून आहे.

२६/२६
गडचिरोलीशी या कथेचा आणखी एक दुवा आहे. राज्यात मलेरियाने सर्वाधिक ग्रासलेल्या जिल्ह्यांत त्याची गणना होते. २००३ मध्ये कस्तुरी हलदर यांच्या गटाने दाखविले की फॅल्सिपेरम मलेरियाचा परजीवी रक्ताच्या लाल पेशीत शिरताना पेशीच्या त्याच साखळीचा आधार घेतो : ॲड्रेनलिनचा ग्राही आणि त्याचे जी-प्रथिन. ती वाट अडविली की प्रयोगशाळेत संसर्ग घटतो. हे अजून औषध नव्हे. पण ज्या रोगाने यारीममध्ये फोर्सकोलचा बळी घेतला, तो रोग पेशीचे जे दार वापरतो, त्याच दारामागच्या नगारखान्याची किल्ली त्याच्या नावाच्या रेणूत सापडली. यारीमच्या थडग्यातला तरुण, मुलुंड आणि लखनौचे रसायनशास्त्रज्ञ आणि पावसाळ्यात तापाने फणफणणारे धानोऱ्याचे मूल एकाच इतिहासात येतात, ते असे.